रोगाचा माग

रोगाचं कारण शोधतात कसं? लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे 709 रुग्ण निवडले. जोडीला साधारण त्याच वयाचे, पण इतर आजारांचे तितकेच रुग्ण. सगळ्यांना विचारलं, सिगारेट किती ओढता, कधीपासून? 1950 साली निष्कर्ष छापून आला: कर्करोगाच्या गटात भरपूर ओढणारे जास्त. हा रुग्ण-तुलना अभ्यास. लवकर होतो, खर्चही कमी. पण सगळी भिस्त आठवणीवर.

म्हणून 1951 मध्ये त्यांनी उलट दिशा धरली. ब्रिटनमधल्या सुमारे 40 हजार डॉक्टरांच्या सवयी आधी नोंदवल्या आणि पुढे कोण कशानं दगावतं, हे पाहिलं. हे काम 50 वर्षं चाललं. हा समूह अभ्यास. वेळखाऊ, पण भक्कम.

मुद्दाम कुणाला सिगारेट ओढायला लावता येत नाही. उपाय मात्र देऊन पाहता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची सोय केली आणि 47 गावांशी तुलना केली. नवजात मृत्यू लक्षणीय घटले. ही हस्तक्षेप चाचणी.

तेव्हा ‘संशोधनातून सिद्ध झालं’ असं कानावर आलं, की आधी विचारा, अभ्यास कोणत्या प्रकारचा होता?