खातेवहीत शिरलेली नोंद
(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एच.आय.व्ही.ची लागण झालेला माणूस नियमित गोळ्या घेऊ लागला की काही महिन्यांनी त्याच्या रक्ताच्या अहवालात लिहून येते, 'विषाणू आढळला नाही.' वजन वाढते, माणूस पुन्हा कामावर जाऊ लागतो. मग घरातलेच कोणी म्हणते, "आता कशाला गोळ्या? कर बंद." हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो जिवावर बेततो. असे का होते, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करतो. तेव्हा वाचून जे समजले ते आमच्या लेजरच्या भाषेत मांडतो.

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. ही पेशीची मूळ खातेवही. ती कपाटाबाहेर काढायची नाही असा नियम. हव्या त्या पानाची नक्कल तेवढी बाहेर जाते. ती नक्कल म्हणजे आरएनए, आणि तिच्याबरहुकूम प्रथिने तयार होतात. खातेवहीवरून चिठ्ठी निघते, चिठ्ठीवरून खातेवही लिहिली जात नाही, असे शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. (बँकेत नेमके उलटे, व्हाउचरवरूनच लेजर लिहितात. आम्हाला हे विचारले असते तर बरे झाले असते!)

अमेरिकेत हॉवर्ड टेमिन कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. या विषाणूजवळ केवळ आरएनए. तरी त्याने बिघडवलेल्या पेशीच्या पुढच्या पिढ्याही बिघडलेल्याच निघत. तेव्हा विषाणूची नोंद पेशीच्या डीएनएत होत असली पाहिजे, असे टेमिन यांनी 1964 मध्ये मांडले. फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1970 मध्ये त्यांनी आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी आरएनएवरून डीएनए लिहिणारे विकर शोधून काढले, आणि 1975 मध्ये दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. उलट्या दिशेने लिहिणाऱ्या या विषाणूंना रेट्रोव्हायरस हे नाव पडले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत 1983 मध्ये सापडलेला एच.आय.व्ही. याच घराण्यातला.

आता तो आत कसा शिरतो ते पाहू. आपल्या रक्तात सीडी-4 नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगप्रतिकाराचा हुकूम देणाऱ्या त्याच. एच.आय.व्ही. त्यांना चिकटून आपली सुमारे दहा हजार अक्षरांची चिठ्ठी आत सोडतो. पहिले विकर तिचे डीएनएत रूपांतर करते. दुसऱ्याचे नाव इंटिग्रेज. ते विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांची दोन-दोन अक्षरे छाटते, पेशीच्या डीएनएला चीर देते आणि तेथे हा तुकडा सांधते. उरलेल्या फटी पेशीची दुरुस्ती यंत्रणाच बुजवते, म्हणजे घुसखोराच्या नोंदीवर घरच्याच कारकुनाची सही! जागाही तो हुशारीने निवडतो. खातेवहीची जी पाने रोज उघडली जातात, बहुधा तेथेच त्याची नोंद सापडते. अशी नोंद पुसून टाकण्याची सोय पेशीजवळ नाही.

लागण झालेल्या बहुतेक पेशी विषाणूच्या प्रती काढता काढता दोन-चार दिवसांत मरतात. त्यांची आपल्याला एवढी चिंता नाही. चिंता आहे ती विश्रांतीला गेलेल्या थोड्या पेशींची. जुन्या रोगजंतूंची आठवण ठेवणाऱ्या या स्मृतिपेशी वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतात, आणि त्यांच्याबरोबर आतली नोंदही. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते. बंद होत नाही. व्यवहार सुरू झाला की पुन्हा चालू. तसेच हे आहे. शिवाय अशी पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतात तेव्हा नोंदीचीही आयती नक्कल होते.

अशा पेशी किती? विश्रांतीतील दहा लाख सीडी-4 पेशींमागे साधारण एक. सापडणाऱ्या नोंदींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मोडक्या, निरुपयोगी असतात. पण एखादी धड नोंद पुरेशी आहे. गोळ्या चालू असताना हा साठा निम्म्यावर यायला सरासरी 44 महिने लागतात. त्या हिशेबाने तो पुरता संपायला 73 वर्षे लागतील, असे संशोधकांनी 2003 मध्ये काढले. आम्ही व्याजाची गणिते रोज करतो. तरी हा आकडा वाचून थबकलो.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात 2010 साली जन्मलेल्या एका बाळाची हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. त्याला जन्मल्यापासून 30 तासांच्या आत औषधे सुरू झाली. पुढे सुमारे दीड वर्षाचे असताना ती बंद पडली, आणि तरी विषाणू दिसेना. मूल बरे झाले असे 2013 मध्ये जगभर छापून आले. औषधाविना दोन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि जुलै 2014 मध्ये रक्तात विषाणू पुन्हा आढळला. कुठल्या तरी पेशीत नोंद राहिली होती.

पुरते बरे झालेलेही आहेत. टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताचा कर्करोग होता. बर्लिनमध्ये 2007 व 2008 मध्ये त्यांना ज्या दात्याच्या मूळपेशी दिल्या, त्याच्या पेशींवर विषाणूला शिरायला लागणारे एक दारच जन्मतः नव्हते. ब्राउन 2020 मध्ये कर्करोगाने वारले, एच.आय.व्ही.ने नव्हे. असे रुग्ण आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो उपचार इतका धोक्याचा आहे की कर्करोगासारखे दुसरे कारण असल्याशिवाय कोणी करीत नाही.

मग गोळी काय करते? आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळू लागली. प्रारंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. हल्ली बहुतेकांना मिळणाऱ्या एकत्रित गोळीत डोल्युटेग्रॅविर हे औषध असते. ते इंटिग्रेजचाच हात धरते, आणि जोडीची दोन औषधे उलटे लिहिणाऱ्या विकराला अडवतात. नवी नोंद होऊ शकत नाही. जुनी मात्र तशीच राहते, कारण तिला हात लावणारे औषध निघालेले नाही. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परततो. चालू ठेवल्या तर माणूस दीर्घायुषी होतो, आणि विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे शेवटचे वाक्य घरोघरी सांगण्यासारखे आहे. त्याअभावी कित्येकांची ताटे अजून वेगळी मांडली जातात. वास्तविक एका ताटात जेवल्याने हा विषाणू कधीच पसरत नव्हता.

कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या गोळ्या बहुधा प्रवासात तुटतात. जाण्यापूर्वी आपल्या ए.आर.टी. केंद्रात सांगितले की कागदपत्रे नव्या गावच्या केंद्राकडे वर्ग करून मिळतात, खाते दुसऱ्या शाखेत वर्ग करतात तशी. माहितीसाठी 1097 हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर पैसे पडत नाहीत.