तारेचे शब्द आणि फोनची चित्रे

तारघराच्या खिडकीपाशी उभा राहिलेला मनुष्य मजकूर लिहिण्यापूर्वी बोटांवर शब्द मोजीत असे. प्रत्येक शब्दास पैसे पडत. त्यामुळे सुखरूप पोहोचल्याची वार्ता दोन-तीन शब्दांत उरके. भारतातील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली आणि शब्द मोजण्याच्या त्या रीतीची शेवटची खूणही पुसली गेली.

आज हाती फोन आहे. सकाळी उठताच शुभेच्छेचे एक चित्र दहा जणांस धाडले जाते, ते दहा जण शंभरांस धाडतात. पाठविणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, निदान त्याला तसे वाटते; आणि जेथे खर्च दिसत नाही तेथे हात आखडत नाही.

वस्तुतः खर्च नाहीसा झालेला नाही. हजारो संगणक रांगेने मांडलेल्या ज्या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात, तेथून ते चित्र पुढे जाते व पुष्कळदा तेथे साठूनही राहते. हे संगणक अहोरात्र चालतात, तापतात. त्यांना थंड ठेवण्यास पुन्हा वीज आणि अनेक ठिकाणी पाणीही लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील सुमारे दीड टक्का वीज या केंद्रांत खर्च झाली. आकडा लहान खरा. पण आयर्लंडमध्ये मीटरवर मोजलेल्या विजेतील त्यांचा वाटा २०१५ साली ५ टक्के होता, तो २०२३ साली २१ टक्के झाला. शहरांतील साऱ्या घरांना मिळूनही तेथे एवढी वीज लागली नाही. भारतात तर २०२४ साली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून निर्माण झाली.

यंत्रे सुधारतील आणि प्रश्न आपोआप सुटेल, अशी आशा पुष्कळांना वाटते. परंतु वाफेची इंजिने थोड्या कोळशात चालू लागली तरी कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो, असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ सालीच दाखवून दिले होते.

एकट्या निरोपास दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्यास लागणारी वीज नगण्य असते. फोनवरील बोलण्याने एखादा प्रवास टळला तर तो लाभच होय. शिवाय फोनमुळे वातावरणात जाणाऱ्या कर्बवायूचा मोठा भाग फोन वापरताना नव्हे, तो घडवितानाच बाहेर पडतो. म्हणून नव्याच्या हौसेने चालता फोन टाकून देणे ही अधिक महाग सवय. २०२२ साली जगात विद्युत् उपकरणांचा ६ कोटी २० लाख टन कचरा झाला. त्यातील पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद नाही.

जुना फोन दुरुस्त करून आणखी दोन वर्षे चालविणे, निरर्थक चित्रे पुढे न ढकलणे, साठलेले नको ते पुसून टाकणे, यांत कोणाचेही काही अडत नाही. तारघरात संयम शिकविण्यास पदरचा पैसा होता. आता ते काम ज्याच्या त्याच्या विवेकाकडे आले आहे.