गर्भावरील शस्त्रक्रिया आणि गिरणकामगार स्त्रिया

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वैद्यकशास्त्रातील एखाद्या नव्या शोधाची वार्ता आली की तिच्यावर साधारणतः दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग विज्ञानाच्या विजयाचा जयघोष करून मोकळा होतो. दुसरा वर्ग म्हणतो, जेथे तालुक्याच्या गावी अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर रक्त मिळत नाही, तेथे हे श्रीमंतांचे चोचले हवेत कशाला? यांपैकी दुसरी प्रतिक्रिया समाजवादी कार्यकर्त्यांना जवळची वाटते. परंतु या दोहोंतही विचाराचा आळस आहे. शोध कोणता, त्याचा खर्च कोणी सोसला, त्याची जोखीम कोणाच्या शरीराने पत्करली आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, हे प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. मूल जन्माला येण्यापूर्वी, आईच्या पोटात असतानाच त्याच्यावर करावयाच्या उपचारांचा विषय या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

या उपचारांचा आरंभ १९६३ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. आई आणि गर्भ यांच्या रक्तातील आर-एच घटक जुळला नाही, तर आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये गर्भाच्या तांबड्या पेशींचा नाश करतात. अशा एका गर्भाच्या उदरपोकळीत विल्यम लायली या डॉक्टरांनी आईच्या पोटातून सुई नेऊन रक्त दिले आणि मूल वाचले. गर्भ हाही रुग्ण असू शकतो, ही कल्पना त्या दिवशी प्रत्यक्षात आली. पुढे १९८१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात मायकेल हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशय उघडून मूत्रमार्ग तुंबलेल्या गर्भावर शस्त्रक्रिया केली आणि गर्भ पुन्हा आत ठेवून गर्भाशय शिवले. त्यापूर्वी मेंढ्यांवर त्यांनी दीर्घकाळ प्रयोग केले होते. ते मूल जन्मानंतर जगले नाही, कारण मूत्रपिंडांची हानी आधीच होऊन गेली होती. पण आई सुखरूप राहिली, आणि असे काही करता येते हे सिद्ध झाले.

करता येते म्हणून करावे काय, हा पुढचा प्रश्न होता. या क्षेत्रातील शल्यविशारदांनी तो टाळला नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. छाती आणि पोट यांमधील पडद्याला जन्मतः भोक राहिले, तर आतडी छातीत शिरतात आणि फुप्फुसांची वाढ खुंटते. हे भोक गर्भावस्थेतच शिवण्याचे प्रयत्न हॅरिसन यांच्याच गटाने केले. त्याने जगण्याचे प्रमाण वाढत नाही, असा निष्कर्ष याच गटाने १९९७ साली स्वतः प्रसिद्ध केला. त्यानंतर गर्भाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा ठेवण्याची पद्धत आली. २००३ साली तिच्याही चाचणीत लाभ दिसला नाही आणि ती मध्येच थांबविण्यात आली. मात्र अतिशय गंभीर स्वरूपाच्या रुग्णांपुरती तीच पद्धत पुन्हा पारखली गेली, तेव्हा २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णालयातून जिवंत घरी जाणाऱ्या बालकांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेल्याचे आढळले. अपयश लपविले गेले असते, तर हे यश कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे कधीच कळले नसते.

या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची चाचणी स्पायना बायफिडा या विकारासंबंधीची. गर्भाच्या पाठीच्या कण्याचा काही भाग मिटत नाही आणि मज्जारज्जू उघडा राहतो. परिणामी पाय लुळे पडतात, मलमूत्रावर ताबा राहत नाही आणि डोक्यात पाणी साठते. उघडा राहिलेला मज्जारज्जू गर्भजलात महिनोन्महिने झिजत असतो. म्हणून जन्मापर्यंत न थांबता आधीच तो झाकावा, असा विचार पुढे आला. अमेरिकेतील तीन केंद्रांत २००३ पासून ही चाचणी चालली. कोणावर जन्मापूर्वी आणि कोणावर जन्मानंतर शस्त्रक्रिया करावयाची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरविण्यात आले. चाचणी पूर्ण होईपर्यंत त्या देशातील इतर केंद्रांनी ही शस्त्रक्रिया आपण होऊन थांबविली. ज्या देशात वैद्यकीय सेवा हा उघड बाजार आहे, तेथे असा संयम पाळला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. डोक्यातील पाणी काढण्यासाठी नळी बसवावी लागण्याचे प्रमाण जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ८२ टक्के होते. जन्मापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ४० टक्के आढळले. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु या जमाखर्चाची दुसरी बाजू आईच्या शरीरावर लिहिली गेली. जिला स्वतःला कोणताही रोग नाही, अशा स्त्रीच्या पोटावर आणि गर्भाशयावर सुरी चालवावी लागते. बाळंतपण सरासरी तीन आठवडे लवकर होते. अनेकींच्या गर्भाशयावरील व्रण पातळ झाल्याचे किंवा उसवल्याचे प्रसूतीच्या वेळी दिसून आले. त्यानंतरचे प्रत्येक मूल सिझेरियननेच व्हावे लागते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर प्रसूतीपर्यंत त्या स्त्रीने रुग्णालयाच्या जवळपास राहावे आणि सोबतीला कोणी तरी असावे, अशी अट होती. कित्येक आठवडे दोन माणसांची मजुरी बुडविणे कोणत्या घराला परवडते, याचा हिशेब वैद्यकीय नियतकालिकांत येत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो मांडला पाहिजे.

आनुवंशिक रोगांच्या बाबतीत तर सुरीचीही गरज उरेनाशी झाली आहे. रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या एका गर्भाला डेट्रॉइट येथे पित्याच्या अस्थिमज्जेतील पेशी देण्यात आल्या आणि ते मूल निरोगी जन्मल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. पॉम्पे या रोगात स्नायूंना आवश्यक असे एक विकर शरीरात तयार होत नाही. २०२१ साली कॅनडातील ओटावा येथे नाळेतील रक्तवाहिनीतून हे विकर एका गर्भाला देण्यात आले. त्या कुटुंबाने याच रोगात पूर्वी दोन मुले गमावली होती. मज्जारज्जूतील पेशी मरत जाऊन स्नायू क्षीण होण्याच्या एका रोगात गर्भवतीलाच अखेरच्या सहा आठवड्यांत तोंडाने औषध देण्यात आले. मूल अडीच वर्षांचे झाले तरी रोगाची लक्षणे नाहीत, असे २०२५ साली जाहीर झाले. ही उदाहरणे एकेकट्या रुग्णांची आहेत. त्यांवरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही. पण हानी होण्यापूर्वीच उपचार करण्याचे तत्त्व त्यांतून स्पष्ट होते.

आता पैशाचा प्रश्न. स्पायना बायफिडाच्या चाचणीचा खर्च अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने केला. त्याच विकारात शस्त्रक्रियेच्या जोडीला वारेतील मूळपेशी वापरण्याची चाचणी कॅलिफोर्नियात २०२१ पासून सुरू झाली. तिला त्या राज्याच्या मतदारांनी २००४ साली सार्वमताने स्थापन केलेल्या संस्थेचे साहाय्य आहे. म्हणजे अनिश्चिततेच्या काळातील जोखीम सार्वजनिक पैसा पत्करतो. आणि औषध बाजारात आले की काय होते? स्नायू क्षीण करणाऱ्या त्याच रोगावरील एका जनुकीय औषधाची किंमत २०१९ साली अमेरिकेत एकवीस लाख डॉलर्सच्या वर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १५ कोटी रुपये ठेवण्यात आली. भारताच्या दुर्मिळ रोगांविषयीच्या धोरणाखाली रुग्णाला मिळणाऱ्या मदतीची कमाल मर्यादा २०२२ साली ठरली ती ५० लाख रुपयांची. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता राहत नाही.

परंतु या कथेचा एक धागा थेट मुंबईत येऊन पोचतो, आणि तो आज विस्मरणात गेला आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली. गरोदरपणात होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा अभ्यास तिने हाफकिन संस्थेत राहून केला. हा रोग गरीब स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना होत असे. सुस्थितीतील घरांत तो क्वचितच दिसे. विल्सबाईंनी जंतूचा शोध घेतला, तसा या स्त्रियांच्या ताटात काय पडते याचाही शोध घेतला. यीस्टपासून बनविलेला एक स्वस्त अर्क दिल्यास या स्त्रिया झपाट्याने बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला काही काळ विल्स यांचेच नाव होते. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळाले. अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीत्या तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रमधून गेलेले येल्लाप्रगड सुब्बाराव होते.

हेच फॉलिक अ‍ॅसिड स्पायना बायफिडा टाळते! आधी असे मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून ते दिल्यास विकाराची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, असे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीत १९९१ साली आढळले. चीनमध्ये नवविवाहित स्त्रियांना साध्या मात्रेच्या गोळ्या देण्याची मोठी मोहीम झाली. नियमाने गोळ्या घेणाऱ्या उत्तरेकडील स्त्रियांत विकाराचे प्रमाण ७९ टक्क्यांनी आणि दक्षिणेकडील स्त्रियांत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेने १९९८ पासून पिठात ते मिसळणे सक्तीचे केले. म्हणजे ज्या विकारासाठी जगातील अत्यंत कुशल शल्यविशारद गर्भाशय उघडतात, त्याचा मोठा भाग एका स्वस्त गोळीने टळतो. आणि त्या गोळीचे मूळ ज्ञान मुंबईच्या उपाशी गिरणकामगार स्त्रियांच्या रक्तातून मिळाले.

त्या स्त्रियांच्या नातींना आणि पणतींना ती गोळी आज वेळेवर मिळते काय? पाठीचा कणा ज्या चेतानलिकेभोवती घडतो, ती गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची जाणीवही नसते. आपल्या कार्यक्रमात गर्भवतीला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून दिल्या जातात. पहिल्या तिमाहीत फॉलिक अ‍ॅसिड द्यावे असे मार्गदर्शक सूचनांत आहे, पण नाव नोंदविण्यास येईपर्यंत बहुधा ती मुदत टळलेली असते. या गोळ्या रक्तवाढीस उपयोगी आहेत. कण्याच्या दृष्टीने त्या उशिरा पोचतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लुसी विल्स मुंबईत उतरल्या त्याला शतक होत आले, तरी ताटातला प्रश्न ताटातच आहे.

तर मग शस्त्रक्रिया नको, गोळ्याच द्या, असे म्हणावे काय? तसे म्हणणे चुकीचे ठरेल. गोळीने सर्वच रुग्ण टळत नाहीत, आणि जे रोग एका जनुकातील दोषामुळे होतात त्यांना ती लागू नाही. शिवाय गरिबाने प्रतिबंधावर समाधान मानावे आणि उपचार मात्र श्रीमंतांसाठी राखून ठेवावेत, ही वाटणी समाजवाद्याने स्वीकारता कामा नये. दिल्लीच्या एम्समध्ये २०२३ साली द्राक्षाएवढ्या हृदयाची झडप गर्भावस्थेतच फुग्याने रुंद करण्यात आली. सार्वजनिक रुग्णालयात हे कौशल्य निर्माण होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

एक इशारा मात्र आपल्याच इतिहासातून मिळतो. गर्भजलपरीक्षा या देशात १९७५ च्या सुमारास आनुवंशिक रोग ओळखण्यासाठी आली आणि पाहता पाहता मुली नाहीशा करण्याचे साधन बनली. स्त्री संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी चळवळ केली, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि १९९४ साली केंद्राचा. तंत्र समाजाच्या हातात पडते तेव्हा समाजाचे रोगही त्याला जडतात. उद्या गर्भावरील उपचार सुलभ झाले, तर मुलासाठी शस्त्रक्रिया आणि मुलीसाठी गर्भपात असा निवाडा घराघरांत होणार नाही, याची हमी केवळ कायदा देऊ शकत नाही. उपचार स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार ज्या स्त्रीच्या शरीरावर तो होणार, तिचाच असला पाहिजे; सासरचा नव्हे आणि डॉक्टरचाही नव्हे. तसेच, विकार घेऊन जन्मलेल्या मुलाला चाकाची खुर्ची, शाळा आणि सन्मान देण्याची समाजाची जबाबदारी कोणत्याही शस्त्रक्रियेने संपत नाही.

यातून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट होते. फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेनंतर नव्हे, तर लग्नाच्या सुमारासच प्रत्येक स्त्रीच्या हाती पडले पाहिजे. अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्या यांच्याकडून ते मिळते की नाही, हे गावोगाव तपासता येईल. पाचव्या महिन्यातील व्यंगतपासणी जिल्हा रुग्णालयात विनामूल्य झाली पाहिजे. गर्भावरील उपचारांची थोडी परंतु उत्तम सार्वजनिक केंद्रे असावीत. त्यांनी आपली अपयशेही प्रसिद्ध करावीत, आणि तेथे येणाऱ्या स्त्रीची व सोबत्याची बुडालेली मजुरी सरकारने भरून द्यावी. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाच्या औषधावर खाजगी मक्तेदारी नसावी. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे आणि २०१२ साली कर्करोगाच्या एका औषधासाठी ती वापरली गेली. ती पुन्हा वापरण्याचा आग्रह धरणे हे राजकीय काम आहे.

मुंबईच्या त्या स्त्रियांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांनी जगाला जे ज्ञान दिले, त्याचे मोल त्यांच्या लेकींना मिळवून देणे एवढे ऋण तरी फेडावयाचे राहिले आहे.