रांगेतले अडीच तास कुठं जाणार? तुळजापूरच्या महाद्वार रोडबद्दल

आज जे बोललो तेच खाली उतरवलंय, फार इस्त्री केलेली नाही.

आजचा विषय आमच्या गावाचा. धाराशिव जिल्हा, गाव तुळजापूर. ६ मे २०२५ ला चौंडीत, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. त्यांच्या जन्माचं तीनशेवं वर्ष होतं. त्या एका बैठकीत सात विकास आराखडे मंजूर झाले, सगळे मिळून साधारण साडेपाच हजार कोटींचे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीला १४४५ कोटी, माहूरला ८२९, त्र्यंबकेश्वरला २७५. सगळ्यात मोठा आकडा आमचा, १८६५ कोटी. २०११ च्या जनगणनेत आमच्या गावची लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास होती. भागाकार तुम्हीच करा, मी केला आणि कॅल्क्युलेटर दोनदा तपासला.

तेव्हापासून माझ्या फोनवर थ्रीडी व्हिडिओंचा पाऊस पडतोय. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं असले व्हिडिओ बघताना माझी नजर आधी काय नाही तिकडं जाते. रुंद चौक असतात, झाडं असतात, सफेद कपड्यातली माणसं हळूहळू चालत असतात. फक्त कुणी काही विकत नसतं. तुळजापूर बघितलेल्या माणसाला हे विचित्रच वाटणार, कारण आमच्याकडं महाद्वारापर्यंत चालत जाणं म्हणजेच बाजार.

ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंदिरात जायला इथं चढायचं नाही, पायऱ्या उतरायच्या. राजे शहाजी महाद्वारातून आत गेलात की खाली कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, आणि त्याच्याही खाली गाभारा. महाद्वाराच्या बाहेर जो रस्ता येतो त्याच्या दोन्ही बाजूंना कुंकवाच्या राशी, खण-नारळ, परड्या, देवीचे टाक, पितळेच्या मूर्ती, बांगड्या, पेढे, आणि कवड्यांच्या माळा. कवडी ही समुद्रातली वस्तू. समुद्र कुठं आणि बालाघाटाच्या डोंगरावरचं आमचं गाव कुठं! तरी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तुळजापूरच्या कवडीमाळेला. म्हणजे माल बाहेरचा, पण ओवणारे हात, ती गळ्यात घालण्याची रीत आणि ती विकत घेण्याची जागा इथली. त्या मानांकनात खरंतर या रस्त्याचाही वाटा आहे.

या रस्त्याला लागून पुजाऱ्यांची घरं. भोपे, पाळीकर. बाहेरगावचा भाविक पिढ्यानपिढ्या एकाच पुजाऱ्याकडं उतरतो. लॉज नंतर आले. आधी वाड्यातली माडी, सतरंजी आणि सकाळी नैवेद्याची पुरणपोळी. त्या पोळ्या घरातल्या बायका लाटतात, आणि गर्दीच्या दिवशी किती लाटतात हे कुणी मोजत नाही. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे आमचे कामाचे वार. तुमचा वीकेंड तो आमचा सीझन. पहाटे चरणतीर्थाला गाव जागं होतं आणि रात्री प्रक्षाळ झाल्यावर शटर खाली येतात.

आता थोडं माझ्या धंद्यातलं गणित सांगतो, कंटाळू नका. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकानं रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. त्याला लिटल्स लॉ म्हणतात. आम्ही सर्व्हरचा लोड बघताना रोज वापरतो. नियम एका ओळीचा आहे: रांगेत सरासरी किती माणसं आहेत = दर तासाला किती येतात × प्रत्येकजण किती तास थांबतो. समजा तासाला ३ हजार भाविक येतात आणि दर्शनाला चार तास लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी १२ हजार माणसं रांगेत. तेच दर्शन दीड तासात झालं तर रांगेत साडेचार हजार. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत.) चांगलं आहे ना? नक्कीच चांगलं आहे. लेकरू कडेवर घेऊन चार तास उभ्या असलेल्या बाईला विचारा.

पण प्रत्येक माणसाचे अडीच तास वाचले, ते गेले कुठं? माझा सगळा प्रश्न एवढाच आहे. ते अडीच तास तो महाद्वार रोडला फिरला, चहा प्याला, लेकीला बांगड्या भरल्या, तर गाव जगलं. ते अडीच तास पार्किंगकडं परत जाणाऱ्या बंद रस्त्यात गेले आणि तो थेट गाडीत बसून चौपदरीला लागला, तर मंदिर सुधारलं आणि पेठ वाळली. बाहेरून दोन्हीकडं दर्शनाचा वेळ तेवढाच दिसेल, अहवालात दोन्हीकडं हिरवा बाण दिसेल. आमच्या कामात याला चुकीचं मेट्रिक पकडणं म्हणतात. ॲप वेगवान झालं म्हणून पार्टी करायची आणि तीन महिन्यांनी कळायचं की लोक काही विकत न घेताच बाहेर पडतायत.

म्हणून मला पुतळा किती फुटी यात फार रस नाही. माणूस गाडीतून कुठं उतरतो आणि तिथून कोणत्या वाटेनं चालतो, हे नकाशात बघा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतोय. उद्या स्टेशनवर उतरलेला माणूस कुठून आत येणार? स्टेशन काही महाद्वाराला चिकटून होणार नाही. रिक्षा त्याला पेठेच्या तोंडाशी सोडणार, की थेट नव्या दर्शन मंडपाच्या दारात? नकाशावरच्या त्या एका ठिपक्यावर कुणाचं भाडं निघेल आणि कुणाचं नाही हे ठरतं.

इथं कुणीतरी म्हणेल, अरे, तुला गर्दी गोड वाटते काय? अजिबात नाही. नवरात्रात आणि कोजागिरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं पायी येतात, तेव्हा आमच्या बोळांत हात वर केला तर खाली घ्यायला जागा राहत नाही. बॅरिकेड लागले की स्वतःच्या घरी जायला आधार कार्ड दाखवायचं. ते चालतं. भीती वेगळी आहे. २५ जानेवारी २००५ ला सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, २९० हून जास्त माणसं गेली. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वाटेच्या कडेला दुकानं, आणि त्या दुकानांना लागलेली आग. ते वर्णन वाचताना मला आमचाच रस्ता दिसतो. तेव्हा रुंदीकरण नको, आहे तसं राहू द्या, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. अग्निशमनाची गाडी जिथं वळत नाही तिथं वारशाच्या गप्पा मारू नयेत.

रस्ता रुंद करायला भिंती पाडाव्या लागतात. त्या भिंतीच्या आतल्याचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं. काशीचं उदाहरण सगळे देतात, तर तेच घेऊ. काशी विश्वनाथ धामाचं उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ ला झालं. आधी परिसर ३ हजार चौरस फुटांचा, आता सुमारे ५ लाख. त्यासाठी ३०० हून जास्त मालमत्ता घेतल्या. सरकारी पत्रकात लिहिलंय की सुमारे १४०० दुकानदार, भाडेकरू आणि घरमालकांचं पुनर्वसन केलं. हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण त्यात भाडेकरू हा शब्द आहे. मालमत्ता तीनशे, माणसं चौदाशे. म्हणजे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर ज्यांचं नाव नाही असे कितीतरी लोक त्या गल्लीवर जगत होते.

आमच्याकडं तीच गत. माझी मावशी महाद्वार रोडजवळ एका दुकानाच्या ओट्यावर बसते. ओटा मालकाचा, भाडं तोंडी, पावती कधी मागितली नाही, कधी दिली नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा ती कवड्या ओवते. मी विचारलं, "मावशी, उद्या रस्ता रुंद झाला तर?" ती म्हणाली, "होऊ दे की. मी काय रस्ता डोक्यावर घेऊन बसलाव का?" आणि परत ओवायला लागली.

तर कायदा बघू. मी वकील नाही, पण हे कायदे इंटरनेटवर फुकट आहेत आणि वाचता येतात. २०१३ चा भूसंपादन कायदा. शहरी भागात जमिनीचा बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, हे मालकासाठी. पण त्याच कायद्यात 'बाधित कुटुंब' या शब्दाची व्याख्या बरीच मोठी आहे. जमीन नसलेलं, पण संपादनाच्या आधी तीन वर्षं तिथं ज्याची मुख्य रोजीरोटी होती असं कुटुंबही त्यात येतं. भाडेकरू येतो, कारागीर येतो. माळा ओवणारी बाई कारागीर नाही तर कोण?

दुसरा २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा. रस्त्याकडेला, पायरीवर, पाटीत माल घेऊन बसणाऱ्यांसाठी. गावात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, आणि त्यात एक तृतीयांश बायका. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. या कायद्याची दुसरी अनुसूची जरूर वाचा. तिथं लिहिलंय की नव्या प्रकल्पातून ज्या रोजगाराच्या संधी तयार होतील त्यात हटवलेल्या विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. आणि पुढं लिहिलंय की जिथं पथविक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ धंदा करतायत असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. महाद्वारासमोरच्या बाजाराला पन्नास वर्षं झाली की नाही, हा प्रश्न तुळजापुरात कुणाला विचारलात तर तो हसेल. पण हसणं पुरावा होत नाही. कागद लागतो.

आणि इथं गंमत झाली. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दोन मित्रांनी ठरवलं की निदान आपल्या ओळखीच्या दहाबारा जणांचे पुरावे गोळा करायचे. म्हटलं सोपं आहे, सगळ्यांकडं क्यूआर कोड आहे, यूपीआयची हिस्ट्री काढली की तीन वर्षांचा धंदा समोर. मावशीचा क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं तिच्या पोराचं. तो पुण्यात हिंजवडीला. चार वर्षांपूर्वी त्यानंच लावून दिला होता, स्वतःच्या खात्याला जोडून, कारण मावशीचं खातं गावच्या दुसऱ्या टोकाला आणि तिचा फोन बटणाचा. प्रेमानंच केलं. घरी पैसे तो न चुकता पाठवतो. पण कागदावर बघाल तर या बाईनं चार वर्षांत ऑनलाइन एक रुपया कमावला नाही, आणि हिंजवडीतला एक इंजिनिअर तुळजापुरात परड्या विकतो!

शेजारच्या दोन टपऱ्यांवर तेच निघालं. एकीचा कोड जावयाच्या नावावर, एकीचा मालकाच्या. पूर्वी रोख होतं तेव्हा पुरावा नव्हता. आता पुरावा आहे, पण दुसऱ्याच्या नावाचा. माझ्या मते हे जास्त वाईट.

मग आम्ही जे केलं ते सांगतो, तुमच्या गावी, पंढरपूर असो, कोल्हापूर असो, नाहीतर नुसता आठवडी बाजार असो, उपयोगी पडेल. बाईच्या स्वतःच्या नावावर खातं, त्यालाच जोडलेला नवा क्यूआर. तिचा बसलेल्या जागेवर फोटो, लोकेशन आणि तारीख चालू ठेवून, दर महिन्याला एक. माल घेतलेल्या घाऊक व्यापाऱ्याच्या पावत्या, आता तिच्या नावानं मागायच्या. लग्नाच्या, जत्रेच्या जुन्या अल्बममध्ये मागं ओटा दिसत असेल तर तो फोटो स्कॅन करून ठेवायचा, मागच्या बाजूची तारीख पण. एका आजोबांकडं असा ब्लॅक अँड व्हाइट फोटो निघाला. नवरदेव पुढं, आणि मागं त्यांचे वडील बत्ताशांची पाटी घेऊन. नवरदेव कोण होता ते कुणालाच आठवेना. पाटी सगळ्यांनी ओळखली.

आणि माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज: नगर पथविक्रेता समिती कधी नेमली, तिचे सदस्य कोण, शेवटचं सर्वेक्षण कधी झालं, यादी द्या. दहा रुपयांचा अर्ज आहे. आमचा तयार आहे, पुढच्या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की त्यावर वेगळा भाग करू, तेव्हा आवाज जरा चढलेला असेल किंवा नसेल.

मावशीचा नवा कोड आता ओट्यावर चिकटवलाय, जुन्याच्या शेजारी. जुना काढू देत नाही. म्हणते, त्यावर पोराचं नाव बोलतं, पैसे आले की. तिच्या स्पीकरवर अजून त्याचंच नाव येतं, आणि गिऱ्हाईक विचारतं, "हा कोण वं मावशी?" मग ती पाच मिनिटं सांगत बसते. मी तिला म्हटलं, निदान मोठी रक्कम नव्यावर घे. सध्या दोनशेच्या वरची माळ विकली तर नवा कोड पुढं करते, एवढं कबूल झालंय.