मोरोक्कोतील सात दिवस
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दिवाळीच्या सुट्टीत मी मोरोक्कोला जाऊन आलो हे कळल्यापासून चिटणीस साहेबांनी माझ्यामागे लकडा लावला होता, की "मास्तर, संमेलनात यावर बोलायचे." माझे थोरले बंधू आखातात नोकरीला आहेत. त्यांची रजा आणि माझी सुट्टी जुळली, खर्चाचा मोठा भार त्यांनी उचलला, म्हणून हा योग आला. बी.ए., बी.एड. शिक्षकाच्या पगारात मोरोक्को बसत नाही, हे पालकांनी कृपया ध्यानात ठेवावे. नाहीतर उद्या फी वाढली की माझ्याकडे बोट दाखवाल!

विद्यार्थ्यांसाठी आधी थोडा भूगोल. आफ्रिकेच्या नकाशात वर डाव्या कोपऱ्यात पाहा. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला अटलांटिक, आणि स्पेन समोर, मधे सर्वात अरुंद ठिकाणी अवघे १४ किलोमीटर पाणी. अरबीत या देशाचे नाव 'अल-मगरिब'. आपण मगरिबची नमाज म्हणतो तोच हा शब्द. सूर्य मावळण्याची दिशा, पश्चिम. १९१२ साली फ्रान्स आणि स्पेन यांनी हा देश आपल्या अंमलाखाली घेतला, १९५६ साली तो स्वतंत्र झाला. आजही तेथे राजा आहे. २०११ च्या राज्यघटनेने अरबीबरोबर अमाझिग, म्हणजे ज्यांना आपण पुस्तकात 'बर्बर' म्हणून वाचतो त्या लोकांची भाषा, हीसुद्धा राजभाषा केली. सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवर अरबी, फ्रेंच आणि तिफिनाग नावाची अमाझिग लिपी अशा तीन ओळी दिसतात. तिफिनाग पाहताना भूमितीची वही उघडल्यासारखे वाटते. वर्तुळे, चौकोन, फुल्या. मुसलमान म्हटला की त्याची भाषा अमुकच, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते, आपल्यातल्याही काहींना वाटते. घरी कोकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना त्या तीन ओळींच्या पाट्या दाखवाव्यात असे माझ्या मनात आले.

आम्ही कासाब्लांकाला उतरलो. शहर आपल्या मुंबईसारखे. गर्दी, ट्राम, बंदर, कचेऱ्या. पाहण्यासारखी म्हणजे १९९३ साली पुरी झालेली हसन द्वितीय मशीद. तिचा काही भाग समुद्रावर बांधला आहे, आणि मिनार सुमारे २०० मीटर उंच. तेथले मिनार गोल नसतात, चौकोनी असतात. दुसऱ्या दिवशी राजधानी रबात. तेथेही एक मिनार आहे, पण अर्धवट. सुलतान याकूब अल-मन्सूर ११९९ साली वारला आणि काम थांबले, ते आजतागायत थांबलेले आहे. ४४ मीटरवर थबकलेला तो मिनार आणि पुढे ओळीने उभे असलेले खांब पाहून भाई म्हणाले, "अरे, आपल्या मोहल्ल्यातले बांधकाम निदान आठशे वर्षे तरी रखडलेले नाही!"

खरा मुक्काम फास शहरात. जुन्या शहरात मोटार शिरत नाही. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून लादलेले खेचर आले तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. खेचरवाला ओरडतो, "बालक! बालक!" म्हणजे 'सांभाळा, बाजू द्या.' मराठी कानाला मात्र कुणाचे तरी मूल हरवल्यासारखे वाटते. कातडी कमावण्याचे कुंड अजून जुन्याच पद्धतीने चालतात. चुना आणि कबुतरांची विष्ठा घातलेल्या पाण्यात माणसे गुडघाभर उभी राहून कातडी तुडवतात. वरून पाहणाऱ्या पाहुण्यांच्या हातात नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. खाली उभ्या असलेल्यांना कोणी पुदिना देत नाही.

त्या दिवशी जुमा होता. नमाज अल-करवीयीन मशिदीत पढलो. आम्ही कोकणातले शाफई, तेथे सारे मालिकी. पुष्कळजण हात न बांधता, खाली सोडून उभे राहतात. इमामसाहेबांची किरातही 'वर्श' पद्धतीची, त्यामुळे लहानपणापासून ऐकलेल्या शब्दांचे उच्चार कोठे आखूड, कोठे वेगळे. शेजारचे म्हातारे गृहस्थ माझ्या बांधलेल्या हातांकडे पाहून हसले आणि नमाज झाल्यावर त्यांनी हात मिळवला. यावरून आपल्याकडे किती वाद होतात ते मी येथे सांगत नाही.

आता या मशिदीविषयी. परंपरा अशी सांगते, की ती इ.स. ८५९ साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने बांधवली. तिचे घराणे आजच्या ट्युनिशियातील कैरुआन गावाहून येथे आले, म्हणून 'करवीयीन', कैरुआनकरांची. वडिलांच्या वारशाने आलेला पैसा तिने या कामी लावला. तिची बहीण मरियम हिने नदीपलीकडे अंदलुस मशीद बांधवली. करवीयीनमध्ये पुढे अध्यापन सुरू झाले, शतकानुशतके चालले, आणि १९६३ साली तिचा समावेश देशाच्या आधुनिक विद्यापीठ व्यवस्थेत झाला. जगातील सर्वात जुने, आजही चालू असलेले विद्यापीठ असे तिला म्हणतात. तिच्या ग्रंथालयात इब्न खल्दूनच्या इतिहासाची जुनी हस्तलिखिते आहेत, आणि त्या ग्रंथालयाच्या अलीकडच्या जीर्णोद्धाराचे काम अझीझा शौनी या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी केले. त्या मूळच्या फासच्याच.

मी शिक्षक आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फातिमाची ही हकीकत ज्या ग्रंथात प्रथम आढळते तो चौदाव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी लिहिलेला. काही इतिहासकार तिच्याबद्दल शंका घेतात. शंका घेणे हा इतिहासकाराचा धर्मच आहे. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाचशे वर्षांनी का होईना, त्या शहराने आपल्या सर्वात मोठ्या विद्यास्थानाचे श्रेय एका स्त्रीला दिले, आणि ते देताना कोणाला संकोच वाटला नाही. आणि त्या हकीकतीत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. बापाचा वारसा मुलीच्या हातात पोचला. मुलीचा हिस्सा शरीयतने ठरवून दिलेला आहे हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. मग तलाठ्याकडे नोंदीची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या कशा घेतल्या जातात, हेही आपल्याला ठाऊक आहे. ही चाल इतर समाजांतही आहे, पण म्हणून ती आपली नव्हे असे होत नाही. फासला फातिमाकडून कोणी सही घेतली असती, तर पाहायला आम्ही कशाला जातो?

करवीयीनपासून काही अंतरावर बू इनानिया मदरसा आहे. सुलतान अबू इनानने १३५० नंतरच्या पाच-सहा वर्षांत तो बांधवला. लाकडाची कोरीव जाळी, चुन्यातले नक्षीकाम, खाली रंगीत फरशांचे तुकडे जोडून केलेल्या आकृत्या. पण मी तेथे बराच वेळ बसलो तो नक्षीसाठी नव्हे. याच अबू इनानने आपल्या दरबारी इब्न बतूता नावाच्या प्रवाशाला सांगितले, की तुझी हकीकत लिहवून घे, आणि इब्न जुझय नावाच्या लेखकाने ती लिहून घेतली. १३५५ साली तो ग्रंथ पुरा झाला. त्याला 'रिहला' म्हणतात. इब्न बतूता १३०४ साली तांजिये येथे जन्मला, एकविसाव्या वर्षी हजला म्हणून घरातून निघाला आणि चोवीस वर्षांनी परतला. मधल्या काळात तो दिल्लीत महंमद बिन तुघलकाचा काजी होता. पुढे सुलतानाने त्याला चीनकडे वकील म्हणून धाडले, तेव्हा तो दौलताबादेवरून गेला, तिथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहिले आहे. मग खंबायतहून जहाजाने खाली, गोव्यावरून होनावरला.

होनावर आज कर्नाटकात आहे, आपल्याच किनाऱ्याच्या ओळीत. तेथील मुसलमान शाफई असल्याचे त्याने नोंदवले आहे. आणि पुढे लिहिले आहे, की या गावात मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस शाळा त्याने पाहिल्या, आणि तेथल्या स्त्रियांना कुराण मुखोद्गत आहे. असे इतरत्र कोठे पाहिले नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. म्हणजे काय झाले पाहा. ज्या देशात फातिमाची करवीयीन, त्या देशाचा माणूस, अर्धे जग हिंडलेला, आणि मुलींच्या शाळा पाहून थक्क झाला तो आपल्या या पश्चिम किनाऱ्यावर. प्रवासी आठवणीने सांगतात, आकड्यात एखादे इकडेतिकडे झाले असेल. तेराच्या जागी तीन धरा. सहाशे ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका बंदरात मुलींच्या तीन शाळा! पालकहो, "आपल्यात मुलींना शिकवण्याची पद्धत नाही" असे वाक्य मी आठवीच्या प्रवेशाच्या वेळी दरवर्षी ऐकतो. यापुढे ते बोलणाऱ्याला मी होनावरचा पत्ता देणार आहे.

फासहून वाळवंट सुमारे साडेचारशे किलोमीटर. वाटेत देवदाराची रानें, अॅटलसच्या डोंगररांगा, मग झाडे कमी होत जातात. तफिलालत भागात खजुराच्या बागा लागतात. येथे 'खेत्तारा' पाहिले. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उतारावर, मैलोन्‌मैल गावापर्यंत आणलेले, आणि वर ठरावीक अंतरावर हवेची व साफसफाईची भोके. भाईंना नवल वाटले, मला ओळख पटली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकात याच तत्त्वावर नहरी बांधल्या. तोही आफ्रिकेतूनच आलेला, हबशी. दोन्हीकडे आज दशा सारखीच. पंप आले, पाणी खाली गेले, बोगदे कोरडे पडले.

मेर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. संध्याकाळी त्या विटकरी, मग तांबड्या, मग जांभळ्या होतात. उंटावर बसणे चित्रात शोभते, प्रत्यक्षात कंबर बोलू लागते. रात्री थंडी इतकी, की दोन घोंगड्या पुरल्या नाहीत. आकाशाबद्दल बोलत नाही, ज्याने विजेच्या दिव्याशिवायचे आकाश पाहिले आहे त्याला सांगायला नको.

तेथून वर्झाझातकडे. या गावाजवळ आरसे लावून सूर्याच्या उष्णतेवर वीज करण्याचा 'नूर' प्रकल्प आहे, पहिला भाग २०१६ साली १६० मेगावॅटचा सुरू झाला. पलीकडे आइत बेन हद्दू हे तांबड्या मातीचे तटबंदी गाव. त्यापुढे २२६० मीटर उंचीची तिझी-न-तिश्का खिंड ओलांडून मराकेशकडे उतरायचे.

याच घाटात आमच्या ड्रायव्हरने एका साध्या इमारतीकडे बोट दाखवले. "दार तालिबा," तो म्हणाला. विद्यार्थिनींचे घर. तो अमाझिग, डोंगरातल्या खेड्यातला. अर्धे इंग्रजी, अर्धे अरबी अशा बोलीत त्याने सांगितले, की खेड्यात सहावीपर्यंत शाळा असते, पुढची शाळा लांब. मुलगे कसेही जातात. त्याची थोरली मुलगी सहावीनंतर घरी बसली. धाकटीच्या वेळी अशा एका घरात जागा मिळाली. आठवडाभर ती तेथे राहते, शनिवार-रविवार घरी येते. अशी घरे मोरोक्कोच्या ग्रामीण भागात ठिकठिकाणी आहेत. भाईंनी विचारले, "बिरादरीतले लोक बोलले असतील ना?" तो म्हणाला, "बोलले. आता त्यांच्याही मुली तेथे आहेत." थोरलीबद्दल विचारले तेव्हा त्याने गिअर बदलला आणि उत्तर दिले नाही.

तेथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. २००४ च्या कायद्याने मुलींचे लग्नाचे वय १८ केले, पण न्यायाधीशाच्या परवानगीने त्याआधीही लग्ने लागतात. खेड्यातल्या पुष्कळ वयस्क बायांना सही येत नाही. पण अंतर हा मुलीच्या शिक्षणातला खरा शत्रू आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्यावर भिंती-छप्पर घालून इलाज केला. आपल्या वाड्यांवरून सातवीनंतर हायस्कूलला यायचे तर किती किलोमीटर, आणि संध्याकाळची एस.टी. चुकली तर मुलीने कोठे थांबायचे? संस्थेच्या मागे जी जागा मोकळी पडली आहे तिच्यावर मंगल कार्यालयाचा प्रस्ताव आहे असे ऐकतो. अध्यक्ष साहेब येथेच बसले आहेत, म्हणून एवढेच म्हणतो.

मराकेशविषयी थोडक्यात. तेथल्या ७७ मीटर उंच कुतुबिया मिनाराचे नाव 'किताब' शब्दावरून आले, कारण मशिदीभोवती पुस्तकविक्रेत्यांचा बाजार भरे. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात शहराच्या दक्षिणेकडील डोंगरात २,९०० वर माणसे गेली. जामा अल-फना चौकात अजून कथेकरी गोल करून लोकांना गोष्टी सांगतात. त्यांच्यापेक्षा संत्र्याच्या रसाच्या गाड्यांना गिऱ्हाईक जास्त.

शेवटचा दिवस एसाविरा, अटलांटिकच्या काठी. अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्लाहने वसवलेले, तटबंदीचे, वाऱ्याचे गाव. निळ्या होड्या, तारलीचे ढीग, जाळी विणत बसलेले म्हातारे, डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी. हर्णैला उभे आहोत असेच वाटावे. १५०६ साली येथे पोर्तुगीजांनी किल्ला बांधला होता, आणि याच किनाऱ्यावर वर मझागान येथे ते १७६९ पर्यंत होते. रेवदंड्याचा कोट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही माणसे ओळखीचीच. गावाबाहेर अरगानच्या बिया दगडावर फोडून तेल काढणाऱ्या बायांच्या सहकारी संस्था आहेत. भाभींसाठी तेल घेतले, बिलावर सही तिथल्या चेअरमन बाईंची होती.

तांजियेला जाणे वेळेअभावी राहिले. परत आल्यावर आठवीच्या मुलींनी भूगोलाच्या खोलीतल्या नकाशावर तांजिये ते होनावर असा लाल दोरा टाचण्यांनी लावला आहे, इब्न बतूता गेला त्या वाटेने, वळणावळणाने. दोरा संपला म्हणून खंबायतपासून पुढे हिरवा जोडला आहे. शेजारी दिरहमची नाणी आणि तिफिनाग अक्षरांचा तक्ताही आहे. भाषण संपल्यावर खोली उघडी ठेवणार आहोत. पालकांनी अवश्य येऊन पाहावे, नकाशा समजावून सांगायला मुली तेथेच आहेत.