तेरा तारखेला रात्री वर बघा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

ताईंनो, हप्त्यांचं बोलून झालं. आता दहा मिनिटं मला द्या.

आधी माझी चूक सांगते. गेल्या वर्षी, 2024 ला, मी तुमच्यातल्या अकराजणींना 13 डिसेंबरच्या रात्री गच्चीवर बसवलं. तारे तुटताना दाखवते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दत्तजयंती! चांदणं एवढं लख्ख, की सुईत दोरा ओवता आला असता. तासाभरात दोनच दिसल्या, त्यातली एक मी बघितलीच नाही. एक आजी म्हणाल्या, "पोरी, पंचांग बघायचं ना." खरंच होतं. आमच्या कॉलेजात पंचांग शिकवत नाहीत.

यंदा बघितलंय. 13 डिसेंबर 2025, शनिवार. चंद्र कृष्ण पक्षातला, अर्ध्याहून कमी, आणि उगवणार रात्री दीडच्या पुढे. म्हणजे दहा ते दीड अंधार आपला. रविवारी पोरांना शाळाही नाही.

आता हे असतं काय? तारा तुटत नाही. फेथॉन नावाचा एक लघुग्रह सूर्याभोवती फिरतो, 1983 साली सापडलेला. त्याच्या वाटेवर खडे, वाळूचे कण सांडलेत. दर डिसेंबरात आपली पृथ्वी त्या वाटेतून जाते. कण सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगानं हवेत शिरतो आणि वरच्या वर जळून जातो. ती रेघ म्हणजे उल्का.

हे मुद्दाम सांगते. मागे एका ताईनं सांगितलं, तिनं तारा तुटताना पाहिला आणि महिन्याभरात सासरे गेले. "तू बघितलास म्हणून झालं," हा बोल ती सहा वर्षं ऐकतेय. त्या रात्री तिच्या सासूबाईंनाही सोबत आणा. दहा-वीस तुटताना दिसतील, मग मृगाचे तारे मोजायला सांगा. एकही कमी झालेला नसेल.

मृग आपल्याला पेरणीमुळे माहीत. पण जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, म्हणून तेव्हा ते रात्री दिसत नाही. डिसेंबरात पूर्वेला वर चढतं. त्याच्या खाली, डावीकडे जवळजवळ सारखे दोन ठळक तारे, ते पुनर्वसू, मिथुन राशीतले. उल्का तिथून निघाल्यासारख्या वाटतात. पण तिथंच टक लावू नका, सगळं आभाळ नजरेत धरा. ऑगस्टातही असा वर्षाव असतो, पण इगतपुरी-त्र्यंबककडच्या तायांना तेव्हा ढगांशिवाय काय दिसणार?

अंधार मात्र खरा हवा. अंगणातला बल्ब बंद. मोबाइल पिशवीत, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की पहिल्यापासून सुरू. नाशिक शहराचा उजेड ज्या बाजूला, तिकडे पाठ करा. निफाडकडे थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, धूर खाली साचतो. नदीकाठी, धरणाकाठी पहाटे धुकं. म्हणून उंचावरची गच्ची बरी. चटई टाकून आडवं पडा, बसून मान दुखते. गोधडी, कानटोपी विसरू नका. दुर्बीण नको.

अगदी काळ्या आभाळात तासाला शंभराच्या वर दिसतात म्हणतात. आपल्याला वीस दिसल्या तरी मी खूश.

बिबट्याचं ध्यानात ठेवा. उसाजवळ, मळ्यात एकटीनं जायचं नाही. गच्ची किंवा शाळेचं पटांगण, आणि घोळक्यानं.

कोणी विचारेल, बायकांना रात्री बाहेर काय काम? लाइट रात्रीची आली की कांद्याला पाणी भरायला आपण जातोच की, तेव्हा कोणी विचारत नाही. यावेळी काम नाही, एवढंच सांगा.

गटाच्या वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा. उल्का दिसली की एक रेघ, अंधारात वाकडी आली तरी चालेल. सोमवारी मी वह्या बघायला येते.