कालवांचे पिंजरे आणि शाळेची वही
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आपला हा किनाऱ्याचा भाग. ओहोटीच्या वेळी खडकावर बसून कालवे फोडणाऱ्या बाया आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या कालवांविषयी शिक्षकांच्या सभेत कोणी बोलू लागला, तर हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु या क्षुद्र जीवाभोवती एका शाळेने आपला अभ्यासक्रम उभारला आहे, आणि तिची हकीकत आपल्या उपयोगाची आहे असे मला वाटते. ती शाळा मी पाहिलेली नाही. वाचून जे समजले तेच सांगतो.

न्यूयॉर्कच्या बंदरात गव्हर्नर्स आयलंड नावाचे एक लहान बेट आहे. तेथे न्यूयॉर्क हार्बर स्कूल ही सार्वजनिक माध्यमिक शाळा आहे. २००३ मध्ये ती ब्रुकलिन भागात निघाली आणि २०१० मध्ये या बेटावर आली. मुले बोटीने शाळेत जातात. या बंदरात एके काळी सुमारे २,२०,००० एकर क्षेत्रावर कालवांचे थर पसरले होते. माणसांनी ती खाऊन संपविली, आणि उरलेल्यांवर शहराचे सांडपाणी सोडले. १९२७ मध्ये तेथील शेवटची कालवक्षेत्रे बंद करावी लागली. १९७२ च्या कायद्यानंतर पाणी हळूहळू सुधारले; कालवे मात्र आपण होऊन परतली नाहीत.

असे का व्हावे? कालवाचे पिल्लू, ज्याला शास्त्रात डिंभ म्हणतात, दोनतीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग कठीण पृष्ठभाग शोधून त्याला कायमचे चिकटते. जुन्या कालवांचे शिंपले हे त्याचे सर्वांत आवडते घर. शिंपलेच गेले, तळाशी चिखल उरला. मग चिकटणार कशाला?

या शाळेच्या संस्थापकांपैकी मरे फिशर आणि तेथे जलशेती शिकविणारे पीट मॅलिनोव्स्की यांनी २०१४ मध्ये ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ हा उपक्रम हाती घेतला. २०३५ पर्यंत बंदरात शंभर कोटी कालवे सोडावयाची, हा संकल्प. शहरातील उपाहारगृहांतून फेकले जाणारे शिंपले गोळा करून वर्षभर उन्हापावसात ठेवतात. ते स्वच्छ झाले की टाक्यांतील पाण्यात घालून त्यांवर डिंभ बसू देतात, आणि पुढे ती बाळकालवे बंदराच्या तळाशी नेतात. कालवांची रोपवाटिका बांधणे व चालविणे, बोटी हाकणे आणि दुरुस्त करणे, पाणबुड्याचा पोशाख चढवून तळ पाहणे, पाण्याखालील निरीक्षणाची उपकरणे तयार करणे, या कामांत विद्यार्थ्यांचे हात असतात. आजवर दहा कोटींहून अधिक कालवे सोडून झाली आहेत.

एक मोठे कालव अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटरपर्यंत पाणी गाळते. त्यांच्या थरांत मासे, खेकडे, कोळंबी आसरा घेतात, आणि लाटेचा जोर त्यांवर काही अंशी मोडतो. या शेवटच्या गुणाचे मोल २९ ऑक्टोबर २०१२ च्या ‘सँडी’ वादळानंतर त्या शहराला विशेष जाणवले. स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यापुढे दगडाचे आठ लाटारोधक बांध घातले गेले. ते काम २०२४ मध्ये पुरे झाले. जलचरांना राहता यावे म्हणून त्यांत मुद्दाम कपारी ठेवल्या आहेत. बांध अर्थात इंजिनियरांचे. त्यांवर कालवे वसविण्याच्या योजनेत मात्र हा उपक्रम सहभागी आहे. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ ज्यांनी अनुभवले, त्यांना लाटेचा आणि वाऱ्याचा जोर मी काय सांगावा?

तथापि या हकीकतीला दुसरी बाजू आहे. मुळे रोवणाऱ्या कालवालाच बदलत्या हवामानाचा धोका आहे. मनुष्य हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो, आणि त्यामुळे त्याच्या पाण्याचा क्षारधर्म घटतो. अशा पाण्यात कोवळ्या जीवाला कवच घडविणे जड जाते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉनमध्ये २००७–०८ च्या सुमारास एका उबवणी केंद्रातील डिंभ मोठ्या संख्येने मेले, त्याचे कारण हेच निघाले. शिवाय न्यूयॉर्क बंदरातील कालवे आजही खाण्याजोगी नाहीत, कारण मोठा पाऊस झाला की गटारे भरून मैलापाणी बंदरात येते. शाळेतील मुले काही समुद्र वाचवून मोकळी झालेली नाहीत, आणि तसे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मला महत्त्वाची वाटते ती त्यांची वही. शहरातील इतर अनेक शाळांना हा उपक्रम कालवांचे तारेचे पिंजरे देतो. मुले ते धक्क्यावरून पाण्यात टांगतात, ठरावीक काळाने वर काढतात, प्रत्येक कालवाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात, पाण्याचे तापमान व खारटपणा पाहतात, आणि जिवंत किती, मेलेली किती, हे लिहितात. मेलेल्यांचा रकाना कोणी झाकत नाही. मोजणीचे उत्तर गुरुजींनाही आधी ठाऊक नसते. आपल्या प्रयोगवह्या उघडून पाहाव्यात: चाळीस मुलांचे चाळीस प्रयोग यशस्वी! १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आपल्याकडे मूलोद्योगाचा विचार पसरला. पुढे कित्येक शाळांत टकळी फिरली; सूत किती निघाले आणि किती तुटले, याचा हिशेब मात्र मागे पडला. मला तेथेच चूक झाली असे वाटते.

आपल्याला पिंजरे नकोत, टाक्याही नकोत. खाडीकाठच्या शाळांनी एक खडक निवडावा. त्यावर एक हात लांब, एक हात रुंद असा चौकोन दोरीने आखून महिन्यातून एकदा त्यातील जिवंत कालवे, रिकामे शिंपले, पाण्याचे तापमान आणि तारीख एवढे चार रकाने भरावेत. कालव फोडू नये, नुसते मोजावे. पावसाळ्याचे महिने कोरे सोडावेत व तसे कारण लिहावे. भरती-ओहोटीची वेळ गावातील कोळी बांधवांना विचारून घ्यावी, बरोबर दोन पालक असावेत, आणि पाचवीच्या खालच्या मुलांना खडकावर नेऊ नये. रकान्यांचा नमुना केंद्रशाळेत ठेवला आहे. जाताना प्रत्येकाने एक प्रत घ्यावी.